अनाथ, पोरका आणि ‘ठेवून घेतलेला’

आईबाप नसलेल्या मुलासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहसा बसत नाहीत. ‘पोरका’ हा घरातला शब्द. पन्नाशीचा गृहस्थही आई गेल्यावर ‘मी पोरका झालो’ असे म्हणतो आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. ‘अनाथ’ हा दारावरच्या पाटीचा शब्द. तो माणूस स्वतःविषयी क्वचितच वापरतो. दुसरे कोणीतरी, बहुधा देणगीची पावती फाडणारे, त्याच्याविषयी वापरतात. ‘नाथ’ म्हणजे धनी, पती, पालक, स्वामी. ज्याला यांपैकी कोणीच नाही तो अनाथ. संतपरंपरेत हा शब्द देवाच्या संदर्भात आला आणि तिथे त्याला एक उंची होती, कारण अनाथ म्हटले की समोर नाथ उभा राहणार हे गृहीतच होते. एकोणिसाव्या शतकात तो संस्थांच्या नावांत शिरला तेव्हा नाथाची जागा मंडळींनी, पंचकमिट्यांनी आणि वर्गणीदारांनी घेतली. या बदलाचा इतिहास आपल्याकडे समाजसुधारणेच्या प्रकरणांत विखरून पडला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो एकत्र वाचावा असे मला वाटते, कारण त्यातला बराचसा भाग शब्दांचा आणि पुस्तकांचा आहे.

पण या दोन शब्दांखेरीज एक तिसरा प्रयोग आहे. तो कोणत्याही संस्थेच्या नावात कधी आला नाही आणि तरीही सगळ्यांत जुना आहे: ‘ठेवून घेणे’. ‘बाप वारला, मग मामाने पोराला ठेवून घेतला’ हे वाक्य कोकणात कोणत्याही पडवीत ऐकू येईल. त्यात माया किती आणि गुरांमागे फुकटचा एक माणूस मिळाल्याचा हिशोब किती, हे क्रियापदावरून कळत नाही. ‘वाढवला’ म्हटले तर निराळे, ‘सांभाळला’ म्हटले तर निराळे, ‘पोसला’ म्हटले की उपकाराची धार आलीच. ‘ठेवून घेतला’ मात्र मुद्दाम धूसर आहे. वस्तूही ठेवून घेतात आणि माणूसही.

फोंडाघाट हे गाव या दृष्टीने विचार करायला चांगली जागा आहे. कणकवली तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, देवगड–निपाणी रस्त्यावर ते वसले आहे. घाट चढला की दाजीपूरचे जंगल, पुढे राधानगरी, मग कोल्हापूर. खाली उतरले की कणकवली आणि समुद्राच्या दिशेने मालवण, देवगड. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी हा सारा मुलूख रत्नागिरीचा होता आणि त्याचे पोट मुंबईतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर होते. बाप मुंबईत, आई शेतावर, मुले आजीपाशी, ही तिथली साधी कुटुंबरचना. गिरणीत किंवा गोदीत बापाचे काही बरेवाईट झाले तर पहिली खूण म्हणजे मनीऑर्डर थांबणे. मूल मग आजोळी जाई, चुलत्याकडे जाई किंवा मुंबईत एखाद्याच्या खोलीवर वरकामाला जाई. ते अनाथ होत नसे. ते नात्यात विरघळून जाई. गावाला आपल्यात अनाथ मुले आहेत असे वाटतच नसे आणि म्हणून अनाथांसाठी काही काढावे असेही वाटत नसे. कोकणात अशा संस्था विरळ का, याचे एक कारण मला या विरघळण्यात दिसते.

घाटावरची गोष्ट वेगळी होती. तिथे दुष्काळ पडे आणि दुष्काळात नातीही संपत. पण दुष्काळाच्याही आधी एक घर उभे राहिले होते, ते लाजेपायी मरणाऱ्या जिवांसाठी. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या जागेत बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे तिने ठरवावे, अशी सोय. अशा घराची जाहिरात कशी करायची हा प्रश्नच होता, कारण ज्यांना गरज त्यांनी ती उघडपणे वाचणेही धोक्याचे. तरी जाहिरात लावली गेली. पुढे १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना फुल्यांनी या गृहाचा हिशोब दिला: आजवर पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत आहेत. बाकीची गेली, कारण त्या बायका तिथे पोचण्याआधीच गर्भ पाडण्यासाठी त्यांना विषारी औषधे दिलेली होती.

पस्तीसातली पाच. आज कोणतीही संस्था असा अहवाल छापणार नाही. देणगीदाराला यशाची गोष्ट हवी असते. मराठीतल्या बहुतेक ‘सेवाव्रती’ चरित्रांचा साचा त्याच मागणीतून तयार झालेला आहे. फुल्यांचा आकडा त्या साच्यात बसत नाही आणि म्हणूनच तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत विश्वासार्ह मजकूर वाटतो. दोष कोणाचा हेही तो सांगतो: तो मूल टाकणाऱ्या बाईचा नव्हे, तिला दारापर्यंत पोचू न देणाऱ्या घराचा. आणखी एक विसंगती लक्षात घ्यावी. ज्या जातीच्या वर्चस्वावर फुले आयुष्यभर आसूड ओढत होते, त्याच जातीच्या विधवा त्यांच्या घरी प्रामुख्याने येत होत्या. फुले दांपत्याने दत्तक घेतलेला यशवंत हाही एका ब्राह्मण विधवेचाच मुलगा.

बारा वर्षांनी, १८७५ मध्ये, पंढरपुरात अशीच संस्था निघाली. तिथे मुनसफ म्हणून आलेले प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर हे तिचे प्रवर्तक. पंढरपूर का, हे उघड आहे. वारीच्या गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही. विधवेला तीर्थयात्रेचे निमित्त पुरते आणि चंद्रभागेच्या वाळवंटात काय टाकले गेले हे सकाळी कळते. पुढे दुष्काळाने आईबाप गमावलेली मुलेही तिथे आली. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ही संस्था पुढे चालत राहिली. अनाथांच्या नाथाच्या गावात हे काम एका न्यायाधीशाने सुरू करावे याचे पंढरपूरकरांना काय वाटले असेल कोण जाणे. आपल्या ललित साहित्याने मात्र या घराकडे जवळजवळ पाठच फिरवली. वारीवर एवढे लिहिले गेले; वारी सरल्यावर मागे राहिलेल्या मुलांवर फारच थोडे.

दुष्काळ आला तो १८७६–७७ चा. सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना तिथे जेवण मिळे. सावित्रीबाई तेव्हा ओतूरच्या बाजूला दुष्काळी कामात होत्या आणि तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. धनकवडीच्या बालाश्रमात एक गोष्ट नवी होती. इथली सगळीच मुले आईबापांविना नव्हती. पुष्कळांचे आईबाप काम आणि दाणे शोधत गाव सोडून गेलेले होते, असूनही नसल्यासारखे. अनाथ या शब्दाची व्याख्या पहिल्यांदा इथे ताणली गेली. ताणली जाताच ती किती तोकडी आहे हेही दिसले. या धाग्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

पंडिता रमाबाईंचे काम वाचकांना परिचित आहे, त्यामुळे त्यावर थोडक्यात. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढल्याच वर्षी ते पुण्याला, १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादळात अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या, आणि मग १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात स्वतः फिरून सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात जात विचारली जात नव्हती. इथे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी थांबावे असे एक स्थळ आहे: मुक्तीचा छापखाना. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, तिथेच छापून पुरा झाला आणि त्याचे खिळे जुळवण्याचे काम तिथल्या मुलींनी केले. रस्त्यावरून उचलून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुलींच्या हातून मराठीतला एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. भाषांतराच्या इतिहासात आपण रमाबाईंच्या भाषेची चर्चा करतो. जुळारी मुलींचा उल्लेख झालाच तर तळटीपेत होतो.

रमाबाईंवरच्या रोषातून दुसरे एक काम उभे राहिले असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे आहे. धोंडो केशव कर्वे यांचे अनाथ बालिकाश्रम ही रमाबाईंच्या विरोधातली संस्था नव्हे. तिचा रस्ता शारदा सदनातूनच गेला होता. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर कर्व्यांनी १८९३ मध्ये ज्या विधवेशी विवाह केला त्या गोदूबाई, पुढे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे, शारदा सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. त्या देवरूखच्या जोशी घराण्यातल्या. देवरूख हे नाव इथे नोंदवून ठेवू.

१८९६ मध्ये मंडळी स्थापन झाली, १८९९ मध्ये आश्रम सुरू झाला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे पुण्याहून शिकवून रोज चालत तिथे जात, हे सर्वांना ठाऊक आहे. नावाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ‘अनाथ बालिकाश्रम’ या नावातली अनाथ बालिका म्हणजे आईबाप नसलेली मुलगी नव्हे. ती बालविधवा होती. तिचे आईबाप असत, भाऊ असत, कधी सासूसासरेही असत. नव्हता तो नाथ, म्हणजे नवरा. घरभर माणसे असताना दहा-बारा वर्षांची मुलगी अनाथ ठरते हा त्या शब्दाचा अर्थ त्या काळी कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता, यातच काय ते आले. सुरुवातीला हा आश्रम प्रामुख्याने ब्राह्मण विधवांचाच राहिला ही मर्यादाही सांगितली पाहिजे. मुक्तीशी तुलना केली की ती उठून दिसते.

कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. ते पुन्हा वाचताना मला त्यातला आश्रम जितका महत्त्वाचा वाटतो तितकाच मुरूड फंड. आश्रमाच्या पुष्कळ आधी, मुरूडच्या, म्हणजे कर्व्यांच्या गावच्या, बाहेर नोकरीला गेलेल्या मंडळींनी आपल्या मिळकतीचा ठरावीक छोटा भाग गावाच्या कामासाठी बाजूला काढायचा अशी ती कल्पना होती. सार्वजनिक दान म्हणजे राजाने किंवा शेटजीने द्यायचे, ही समजूत त्यात मोडली गेली. पुढे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने हेच सूत्र प्रांतभर नेले. अनाथ बालिकाश्रमाची वर्गणीही अशीच जमली आणि ती जमवणाऱ्यांत अग्रभागी होत्या पार्वतीबाई आठवले. या बाया कर्व्यांच्या बहीण, म्हणजे पुन्हा देवरूख. केशवपन झालेली, लिहिणेवाचणे उशिरा शिकलेली ही बाई गावोगाव सभांतून बोलून आश्रमासाठी पैसे गोळा करी. १९१८ मध्ये त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मकथन १९२८ चे, बायांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. दोघी बहिणींची दोन आत्मचरित्रे स्त्री-आत्मकथनांच्या अभ्यासक्रमात लावली जातात ती वैधव्याच्या कथा म्हणून. वर्गणी मागणाऱ्या बाईची कथा म्हणून ती कोणी वाचत नाही. मागणे हे विधवेला परंपरेने दिलेले हीनपण. पार्वतीबाईंनी तेच मागणे सभेत उभे राहून, दुसऱ्यांसाठी केले. पुढे हिंगण्याच्या संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला तेव्हा मागण्याचे रूपच पालटले: दाता भाऊ झाला आणि ताटात पडलेली रक्कम ओवाळणी.

नात्याची ही भाषा सहज आलेली नाही. आपल्याकडच्या अशा कामांत प्रवर्तकाला सर, साहेब कोणी म्हणत नाही. कर्वे अण्णा होतात, अनुताई ताई होतात, सिंधुताई सपकाळ माई होतात. ‘ठेवून घेणाऱ्या’ मामा-काकांची जागा घ्यायची तर नात्याचेच नाव घेऊन यावे लागते, नाहीतर गाव दार उघडत नाही.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते १९५४ साली, पुन्हा देवरूखमध्ये. अकाली वैधव्य आलेल्या, परिचारिकेचे काम शिकलेल्या इंदिराबाई हळबे यांनी तिथे दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले आणि त्याला नाव दिले मातृमंदिर. आजूबाजूला डोंगरातल्या वाड्या, रस्ते नाहीत, अडलेली बाई डोलीतून आणायची. दोन खाटांच्या खोलीतून अनाथालय कसे निघते हे वरवर पाहता कळत नाही, पण फुल्यांचे घर आणि पंढरपूर आठवले की कळते. बाळंतपणाची खोली ही जागाच अशी की तिथे मूल मागे राहण्याची शक्यता नेहमी असते. कधी आई दगावते, कधी तिला मूल घेऊन घरी परतणे शक्य नसते. अशी मुले इंदिराबाईंनी सांभाळली आणि त्यातून ‘गोकुळ’ उभे राहिले. सारा परिसर त्यांना मावशी म्हणू लागला. प्रसूतिगृहाचे रुग्णालय झाले, शेतीचे शिक्षण आले, पण नाव मावशींचेच राहिले.

‘गोकुळ’ या नावात ‘अनाथ’ हा शब्द नव्हे, पण कृष्णाची गोष्ट आहे, म्हणजे दुसऱ्या आईकडे वाढलेल्या मुलाची. हे नाव सुचणाऱ्याला भाषेची जाण होती. पाटीवर ‘अनाथ’ लिहिले की मुलाची ओळख त्याच्याकडे काय नाही यावरून होते. ‘गोकुळ’ लिहिले की यशोदा आठवते. मावशी हे नातेही तसेच नेमके आहे. मावशी आईची जागा घेत नाही, आईच्या शेजारी उभी राहते. पुण्यातल्या बायकांच्या चळवळीला पन्नास-साठ वर्षे देवरूखने माणसे पुरवली होती. मातृमंदिराच्या रूपाने ते काम कोकणात, खेड्यात, स्वतःच्या पायांवर आले असे म्हणायला हरकत नाही.

इथून फोंडाघाटाकडे यायचे तर मध्ये कणकवली लागते आणि कणकवली म्हटले की अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. १९४८ सालचा. तो अनाथ मुलांचा आश्रम नव्हे. भंगीमुक्ती, चर्मोद्योग, खतसफाई ही त्याची कामे. तरी त्याचे स्मरण अप्रस्तुत नाही. आश्रितपणाची लाज ही कामाच्या उतरंडीशी जोडलेली आहे, आणि अप्पासाहेब ती उतरंडच मोडू पाहत होते. घाटाच्या वरच्या अंगाला पाहिले तर शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात उभी केलेली वसतिगृहे दिसतात आणि त्याच परंपरेत सातारचे भाऊराव पाटील, ज्यांच्या बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. ही मुले अनाथ नव्हती, गरीब होती. त्यांना एका पंगतीला बसवणे हे त्यांना जेवू घालण्याइतकेच महत्त्वाचे होते. कोकणातल्या गरीब मुलाला मात्र शिकायला मुंबईची बोट धरणे अंगवळणी पडलेले होते. घाट चढून जाणारे थोडे.

पुण्यात १९०९ मध्ये दादासाहेब केतकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनाथ विद्यार्थी गृह काढले. त्याआधी खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या निराधार मुलाला दोनच वाटा होत्या: माधुकरी आणि वार. आठवड्याचे सात वार सात घरी जेवायचे. ज्या घरी वार असेल तिथली घरची कामे करायची आणि वाढणारीचा चेहरा पाहून दुसरी पोळी मागायची की नाही ते ठरवायचे. मराठी आत्मचरित्रांत वाराने जेवण्याची वर्णने इतकी आहेत की त्यांवर एक स्वतंत्र प्रबंध व्हावा. अनाथ विद्यार्थी गृहाने या मुलांना एक छप्पर आणि एक पंगत दिली आणि मुद्रणाचे कसब शिकवले. छापखाना इथेही आलाच. संस्थेने पुढे पुस्तके प्रकाशित केली आणि त्यांत एक पुस्तक असे होते की ज्याच्यावाचून मराठी घराची कल्पना करता येत नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. नंतर वाचकांच्या पिढ्यांनी ती हाती घेतली ती मुखपृष्ठावर याच संस्थेचे नाव पाहून, आधी अनाथ विद्यार्थी गृह आणि मग पुणे विद्यार्थी गृह. मराठीतले आईचे सर्वांत मोठे पुस्तक अनाथांच्या संस्थेने छापावे, विकावे आणि त्यातून तिच्या मुलांच्या जेवणाला हातभार लागावा, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने लिहिली असती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

संस्थेच्या नावातला ‘अनाथ’ हा शब्द पुढे गळाला, ही नोंदही तेवढीच बोलकी आहे. दान मागताना उपयोगी पडणारा शब्द मुलाला जन्मभर प्रमाणपत्रावर वागवावा लागतो, हे संस्थांना हळूहळू उमगले.

पण पाट्यांवरून शब्द जात असताना तो कायद्यात आणि शासननिर्णयात स्थिरावत होता. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले आणि लगेच प्रश्न उभा राहिला, अनाथ कोण? संस्थेत वाढलेला की नातेवाइकांनी ठेवून घेतलेलाही? जात माहीत नसलेला की माहीत असलेलाही? पुढच्या निर्णयांतून ही वर्गवारी बदलत गेली. करोनाच्या साथीत, २०२१ मध्ये, दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवण्याचा निर्णय झाला. एक पालक गेलेल्या मुलासाठी बालसंगोपन योजनेची मासिक मदत होती, ठेव नव्हती. शेतमजुरी करणारी विधवा आणि तिची तीन मुले असतील तर हिशोब काय होतो ते सांगायला नको. ‘अनाथ’ची व्याख्या म्हणजे आता एक रक्कम आहे.

आणि ज्या मुलांचे आईबाप दोन्ही जिवंत आहेत त्यांचे काय? धनकवडीचा धागा इथे परत येतो. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या बाजूला कातकरी कुटुंबांनी किरकोळ मोबदल्यात आपली मुले मेंढपाळांकडे राबायला पाठवल्याची प्रकरणे उघडकीस आली. एका लहान मुलीच्या मृत्यूने ती बाहेर आली. ही मुले अनाथ नव्हती. ती ‘ठेवून घेतलेली’ होती. कणकवली तालुक्यातही वानरमारे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत. घाटाखालच्या गावात निराधार मुलांसाठी काही करायचे मनात आणणाऱ्याने अनाथ मुले मोजायला निघू नये, कारण मोजणीत ती सापडणार नाहीत. गुरांमागे, हॉटेलात, वीटभट्टीवर आणि नातलगांच्या ओट्यावर कोण आहे ते पाहावे लागेल.

शिवाय इंदिराबाईंनी १९५४ मध्ये केले तसे आज करता येणार नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार नोंदणीवाचून मुलांना ठेवणारी संस्था चालवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. निराधार मूल आढळले तर चोवीस तासांच्या आत कळवावे लागते आणि त्याचे पुढे काय करायचे हे जिल्ह्याची बालकल्याण समिती ठरवते. या कायद्याबद्दल कुरकुर करणारे चांगले लोक मला भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. मायेच्या नावाखाली बंद दाराआड काय चालू शकते हे गेल्या काही दशकांतल्या आश्रमांच्या प्रकरणांनी पुरेसे दाखवले आहे, आणि ‘मावशी’ हे नाव कोणीही घेऊ शकते. मात्र कायद्याचा कलही आता इमारतीकडे नाही, कुटुंबाकडे आहे: बालसंगोपन, प्रायोजकत्व, मूल जिथे आहे तिथेच त्याला टिकवणे. म्हणजे फिरून गोष्ट मामा-काकांपाशी येते. फरक एवढाच की आता त्या ठेवून घेण्यावर कोणाचा तरी डोळा असावा आणि त्याला महिन्याला काही आधार असावा. यासाठी गावाने करायचे काम मुरूड फंडाइतकेच साधे आणि कंटाळवाणे आहे. अर्ज भरून देणे, दाखले मिळवणे, तालुक्याच्या फेऱ्या मारणे, मूल शाळेत येते की नाही ते दर आठवड्याला पाहणे. त्याचे चरित्र कोणी लिहिणार नाही.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभरावर अपंग मुलांना वाढवले आणि कागदपत्रांत बापाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पुरी झाली की मुलाने संस्था सोडावी या नियमाविरुद्ध ते वर्षानुवर्षे बोलत आले. कोणत्या घरात मूल अठराव्या वर्षी बाहेर काढतात, असा त्यांचा साधा मुद्दा.

रकाना म्हटल्यावर एक सुचवावेसे वाटते. कोकणातल्या जुन्या प्राथमिक शाळांतून जनरल रजिस्टरे असतात. त्यांत विद्यार्थ्याच्या नावापुढे पालकाची नोंद असते. फोंडाघाटच्या किंवा आसपासच्या शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या मराठीच्या शिक्षकाने गेल्या शंभर वर्षांतली ही नोंद ओळीने वाचून काढावी: वडिलांऐवजी कोणाचे नाव आहे, ते मुलाचे कोण लागत होते, आणि मुलाने शाळा कोणत्या इयत्तेत सोडली.